ज्या गावांनी उत्तर दिले, त्या गावांना ते कळले पाहिजे

गरीब देशांत होणाऱ्या वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयी चर्चा निघाली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दूरचे देश येतात. नायजेरियातील कानो शहरात १९९६ साली मेंदूज्वराची साथ चालू असताना फायझर कंपनीने लहान मुलांवर केलेली ट्रोव्हान या औषधाची चाचणी, किंवा ग्वाटेमालात १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकी डॉक्टरांनी कैद्यांना आणि मनोरुग्णांना मुद्दाम लावलेले गुप्तरोग, ही उदाहरणे भयंकर आहेत आणि ती विसरता कामा नयेत. परंतु बेळगाव जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला या विषयासाठी इतके लांब जाण्याचे कारण नाही. गेली वीसहून अधिक वर्षे आपल्या जिल्ह्यातील खेड्यांत, विशेषतः गरोदर बायका आणि नवजात बाळे यांच्याविषयी, आंतरराष्ट्रीय पातळीवरचे संशोधन चालू आहे. लंडन आणि बॉस्टनहून निघणाऱ्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत बेळगावचे नाव वारंवार छापून आलेले आहे. ज्या बायकांमुळे ते छापून आले, त्यांच्या गावांत मात्र याची चर्चा मी कधी ऐकलेली नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते.

मी डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यातील मराठी शाळांत विज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर हे शोधनिबंध वाचण्याची सवय लागली. जे वाचले आणि जे पाहिले, त्यावरून माझे जे मत बनले आहे ते येथे सविस्तर मांडते.

आधी एका अभ्यासाविषयी सांगते, कारण तो आपल्या जिल्ह्याने जगाला दिलेला आहे. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव हे बाळंतिणींच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. तो रोखण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम. पण ते थंड ठेवावे लागते आणि द्यायला शिकलेला हात लागतो. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला एखाद्या वाडीत मध्यरात्री बाळंतपण झाले, तर फ्रीज कुठला आणि इंजेक्शन कुठले? मिसोप्रोस्टॉलची गोळी स्वस्त असते, तिला फ्रीज लागत नाही आणि ती तोंडाने घेता येते. ही गोळी उपकेंद्राच्या नर्सबाईंनी बाळंतपणानंतर लगेच दिली तर रक्तस्राव थांबतो का, हे पाहण्यासाठी २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १६२० बायकांचा अभ्यास झाला. येथील डॉक्टर आणि अमेरिकेतील संशोधक यांनी मिळून केलेला हा अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना गोळी मिळाली त्यांच्यात अतिरक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के होते, ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात १२ टक्के. फार गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आले. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला, त्यामागच्या पुराव्यांत बेळगावचा हा अभ्यास महत्त्वाचा होता. जगात कुठेतरी एखाद्या दुर्गम खेड्यातील बाळंतीण आज या गोळीमुळे वाचत असेल, तर त्यात आपल्या जिल्ह्यातील या बायकांचा वाटा आहे. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

आता याच अभ्यासाची दुसरी बाजू. १६२० पैकी सुमारे निम्म्या बायकांना जी गोळी मिळाली, ती दिसायला तशीच होती, पण तिच्यात औषध नव्हते. संशोधकांच्या भाषेत तिला प्लासिबो म्हणतात. कोणाला कोणती गोळी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरत होते आणि ते नर्सबाईंनाही ठाऊक नव्हते. ऑक्सिटोसिनसारखे खात्रीचे औषध जगात उपलब्ध असताना या बायकांना औषध नसलेली गोळी का दिली, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो विचारलाच पाहिजे होता. त्यावर दिले गेलेले उत्तर असे, की त्या काळी घरच्या बाळंतपणात नर्सबाईंनी असे कोणतेही औषध देण्याची पद्धत येथे नव्हती. त्यामुळे त्या बायकांच्या वाट्याचे काही काढून घेतलेले नव्हते.

हा युक्तिवाद गरीब देशांतील संशोधनात पुनःपुन्हा केला जातो, म्हणून त्याच्याकडे नीट पाहायला हवे. एचआयव्हीबाधित मातेकडून बाळाला होणारा संसर्ग झिडोव्हुडिन या औषधाने सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो, हे १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधील अभ्यासातून सिद्ध झाले होते. तरीही त्यानंतर आफ्रिकेतील देशांत आणि थायलंडमध्ये कमी मुदतीच्या, स्वस्त उपचाराच्या चाचण्या झाल्या, त्यांतल्या अनेक चाचण्यांत काही मातांना प्लासिबो दिला गेला. १९९७ साली यावर मोठे वादळ उठले. अमेरिकेत जे करण्याची कोणाची छाती झाली नसती ते आफ्रिकेत का चालते, असा तो सवाल होता. तिथे तसेही काहीच मिळत नव्हते, हेच त्यावरचे उत्तर होते. २००० साली हेलसिंकी जाहीरनाम्यात, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीच्या जागतिक तत्त्वांत, सुधारणा करून नवा उपचार हा उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम उपचाराशी ताडून पाहावा असे ठरले. पण दोनच वर्षांनी त्या कलमाला स्पष्टीकरण जोडून वाट पुन्हा थोडी सैल करण्यात आली.

आपल्याला जवळचे आणखी एक उदाहरण आहे. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. एक लाख तीस हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. गावांच्या गटांपैकी तीन प्रकारच्या गटांना वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या, चौथ्या प्रकारच्या गटांतील ३१ हजारांहून अधिक बायकांना एकही नियमित तपासणी मिळाली नाही. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ बायका दगावल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. एचपीव्हीच्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात हा मोलाचा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला. पण ज्या आजारात वेळेवर तपासणी केल्याने जीव वाचतो हे श्रीमंत देशांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होते, त्या आजारात एवढ्या बायकांना तपासणीविना ठेवून त्यांच्यातले मृत्यू मोजणे मला पटत नाही. सरकारने काही केले नव्हते हे खरे. परंतु सरकारची उणीव हीच संशोधकाची परवानगी ठरू लागली, तर जिथे सरकार सर्वांत नाकर्ते तिथे माणसाचा जीव सर्वांत स्वस्त, असा हिशेब होईल. बेळगावच्या मिसोप्रोस्टॉलच्या अभ्यासाला मी या पंक्तीत बसवत नाही, कारण खेड्यातल्या घरी, नर्सबाईंच्या हातून दिलेली ती गोळी उपयोगी पडते की नाही हे तेव्हा खरोखरच कोणाला ठाऊक नव्हते. तरीही ज्यांना पोकळ गोळी मिळाली आणि रक्त गेले, त्या बायकांविषयी मनात रुखरुख राहतेच, आणि ती राहिली पाहिजे.

मग हे संशोधन आपल्याकडे होऊच नये का? असे म्हणणारे चांगले, जाणते लोक मला भेटले आहेत आणि त्यांचा संताप मी समजू शकते. पण माझे मत तसे नाही, आणि त्याचे कारणही बेळगावच्याच एका अभ्यासात आहे.

दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण होण्याची लक्षणे दिसली तर आईला स्टेरॉईडचे इंजेक्शन देतात, म्हणजे बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. श्रीमंत देशांतील मोठ्या रुग्णालयांत हा उपचार अनेक दशके चालू आहे आणि त्याने असंख्य बाळे वाचली आहेत. तो गरीब देशांतील खेड्यापाड्यांपर्यंत न्यावा, असे सर्वांनाच वाटत होते. तसा प्रयत्न सहा देशांत झाला. भारतातून बेळगाव आणि नागपूर ही दोन ठिकाणे त्यात होती. सुमारे एक लाख बाळंतपणांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा निकाल उलटा निघाला. ज्या भागांत या उपचाराचा प्रसार केला, तिथे दर हजार जिवंत जन्मांमागे साडेतीन बाळे अधिक दगावली आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशय असलेल्या केसेसही वाढल्या. याची संभाव्य कारणे अशी: गर्भ किती आठवड्यांचा आहे हे खेड्यात नेमके कळत नाही, मुदतपूर्व बाळंतपण होणार असे वाटून इंजेक्शन दिलेल्या अनेक बायकांची बाळंतपणे प्रत्यक्षात वेळेवर होतात, आणि बाळाला पुढे लागणारी काळजी घेण्याची सोय जवळ नसते. पुढे २०२० साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे निश्चित करून आणि नवजात बाळांची सोय असेल तिथेच हाच उपचार दिला, तेव्हा मात्र बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. इंजेक्शन तेच होते, भोवतालची व्यवस्था निराळी होती. हा अभ्यास आपल्या खेड्यांत झाला नसता, तर परदेशात चालते म्हणून ते इंजेक्शन सरसकट गावोगावी गेले असते, आणि किती बाळे त्यापायी दगावली याची नोंदही कुठे झाली नसती. म्हणून संशोधनाला दार बंद करणे हा मला आपल्या लेकीसुनांवरचा अन्यायच वाटतो.

प्रश्न उरतो तो संशोधन कसे होते आणि झाल्यानंतर काय होते याचा.

संमतीपासून सुरुवात करू. २०१९ च्या नव्या औषधांच्या व चाचण्यांच्या नियमांत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे, की सहभागी व्यक्तीला समजेल अशा सोप्या भाषेत माहिती द्यावी. प्रत्यक्षात काय होते ते मी आमच्याच नात्यात पाहिले. वर सांगितलेल्या अभ्यासांशी त्याचा संबंध नाही. ती रक्तक्षयाविषयीची एक लहान पाहणी होती. चुलत जावेची सून चार महिन्यांची गरोदर होती. आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, पाहणीचे काम करणाऱ्या एका मुलीला घेऊन आल्या. कागद सहा-सात पानांचा आणि सगळा कानडीत. सून मराठी शाळेत शिकलेली, तिला कानडी बोललेले बऱ्यापैकी कळते पण असला मजकूर वाचता येत नाही. त्या मुलीने मराठीत तोंडी सांगितले ते एवढेच: रक्त तपासू, गोळ्या देऊ, अधूनमधून फोन करू. नको असेल तर नाही म्हणता येते, मध्येच सोडता येते, सोडले तरी दवाखान्यात काही फरक पडणार नाही, हे त्या पानांत नक्कीच छापलेले असणार, पण तोंडातून आले नाही. सुनेने सासूकडे पाहिले. सासू म्हणाली, “आशाताई घेऊन आल्यात न्हवं, मग कर की सही.” सही झाली. कागदाची एक प्रत घरी ठेवायची असते, ती मी मागून घेतली.

यात कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही, कोणी खोटेही बोलले नाही. पण ज्या आशाताई गरोदर बाईचे तायी कार्ड काढून देतात, लसीला बोलावतात, रात्री गाडी बोलावतात, त्यांच्यासोबत आलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे? खेड्यातल्या बाईचा विश्वास आशाताईंवर असतो आणि संशोधन त्या विश्वासावर चालते. त्यामुळे संमती विचारायला येणारी व्यक्ती आणि रोजची सेवा देणारी व्यक्ती या वेगळ्या असाव्यात, कागद घरात एक रात्र राहावा, आणि आपल्या भागात तो मराठी आणि कानडी दोन्हींत असावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. भाषेच्या राजकारणाशी याचा काही संबंध जोडू नये. बैलहोंगलच्या कानडी बाईला मराठी कागद दिला तरी माझे म्हणणे हेच राहील.

सीमाभागातील आणखी एक गोष्ट नियम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, असे मला वाटते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे आणि आपल्या सोयरिकी सीमा पाहून होत नाहीत. खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातील सुनेचे माहेर चंदगडला, गडहिंग्लजला, आजऱ्याला असते. निपाणीकडची सून कागलची असते. काहींचे माहेर गोव्यात सत्तरीला असते. सातव्या महिन्यानंतर ती माहेरी जाते ती बाळ दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर परत येते. म्हणजे एखाद्या औषधाच्या अभ्यासात तिचे नाव कर्नाटकात नोंदलेले असते, आणि ज्या आठवड्यांत खरा धोका संभवतो ते आठवडे ती महाराष्ट्रात काढते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क २०१९ च्या नियमांनी तिला दिलेला आहे, गंभीर घटना घडली तर २४ तासांच्या आत ती वर कळवण्याचे बंधन संशोधकावर आहे. पण चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना ही बाई कुठल्या अभ्यासात आहे, कोणती गोळी घेत होती, कोणाला फोन करायचा, हे कोण सांगणार? तिच्या आईला तर लेकीने कसली सही केली हेच ठाऊक नसते. प्रत्येक सहभागी बाईजवळ अभ्यासाचे नाव, औषधाचे नाव आणि दिवसरात्र उचलला जाणारा फोन क्रमांक मराठीत लिहिलेले एक कार्ड असावे, आणि माहेरच्या तालुक्यातील रुग्णालयाला नोंदणीच्या वेळीच कळवावे. याला खर्च जवळजवळ नाही.

अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीविषयी थोडक्यात सांगते. नियमाप्रमाणे तिच्यात किमान सात सदस्य असावे लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि एक सामान्य नागरिक. ही सामान्य नागरिकाची खुर्ची शहरातल्या निवृत्त अधिकाऱ्याला किंवा माझ्यासारख्या शिक्षिकेला मिळण्यापेक्षा निपाणीच्या विडी कामगार बाईला किंवा खानापूरच्या एखाद्या बचत गटाच्या अध्यक्षेला मिळावी. ज्यांच्या अंगावर प्रयोग होणार त्यांच्यातले कोणीतरी त्या टेबलाशी बसलेले असावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. हेलसिंकी जाहीरनाम्यात असे म्हटलेले आहे, की संशोधनात भाग घेतलेल्या प्रत्येकाला अभ्यासाचा एकूण निष्कर्ष जाणून घेण्याची संधी दिली जावी. औषध गुणकारी ठरले तर ते त्या लोकांना पुढे मिळण्याची तरतूद आधीच करावी, असेही त्यात आहे. संमतीच्या कागदाला आपल्याकडे जितके महत्त्व आले आहे, त्याच्या दहावा भागही या तरतुदींना आलेले नाही. मिसोप्रोस्टॉलचा निष्कर्ष २००६ साली छापला गेला. घरच्या बाळंतपणासाठी ही गोळी आशाताईंमार्फत आगाऊ देण्याविषयी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या २०१३ साली. मधली सात वर्षे आपल्याच जिल्ह्याने शोधून दिलेले उत्तर कागदावर होते. याचा दोष एकट्या संशोधकांना देता येणार नाही, कारण धोरण सरकार ठरवते. पण अभ्यास सुरू करतानाच ‘हे सिद्ध झाले तर गोळी गावात कोण आणि कधीपासून देणार’ याचे लेखी उत्तर आरोग्य खात्याकडून घेतले असते तर ती सात वर्षे कमी झाली असती, असे मला ठामपणे वाटते.

लोकांना नीट न सांगण्याने काय होते हे तेलंगणातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे दिसले. २००९ साली तेथे हजारो मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० साली तो थांबवण्यात आला. ते मृत्यू लसीमुळे झाले नाहीत असे चौकशीत आढळले. पण अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या हेही बाहेर आले, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. ज्यांना आधी नीट सांगितले नव्हते, त्यांनी नंतरच्या खुलाशावर विश्वास का ठेवावा? एका चांगल्या लसीविषयी देशात जी शंका पसरली ती पुढे कित्येक वर्षे टिकली, आणि तिची किंमत कर्करोगाने आजारी पडणाऱ्या बायका मोजतील.

याउलट २०२० च्या जुलैमध्ये कोव्हॅक्सिनच्या पहिल्या चाचण्या देशातील ज्या बारा रुग्णालयांत सुरू झाल्या, त्यांत बेळगावचे एक होते. शहरातल्या ज्या स्वयंसेवकांनी दंड पुढे केला, त्यांना त्या लसीचे पुढे काय झाले ते वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून रोज कळत होते. खेड्यातल्या बाळंतिणीला असे कळण्याचा मार्गच नाही. आमच्या सुनेने मला दोन वर्षांनी विचारले, “त्या गोळ्यांचं फुडं काय झालं म्हणायचं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून त्या कागदावरच्या क्रमांकावर फोन केला. तो बंद होता.

हे काम अवघड नाही. अभ्यास संपल्यावर एक पान मराठीत आणि एक कानडीत छापावे: काय शोधत होतो, काय सापडले, कोणाला त्रास झाला, आता दवाखान्यात काय मिळेल. ते उपकेंद्राच्या भिंतीवर लावावे, ग्रामसभेत वाचून दाखवावे, आणि गोळी कोणती मिळाली होती हे ज्या बाईला जाणून घ्यायचे असेल तिला एकटीला बोलावून सांगावे. निधी देणाऱ्या परदेशी संस्थांनी या खर्चाची रक्कम अंदाजपत्रकात सक्तीने धरायला लावावी आणि हे झाल्याशिवाय नैतिकता समितीने अभ्यासाची फाईल बंद करू नये.

सुरुवात करण्यासारखा एक अभ्यास समोर आहे. बाळंतपणाच्या कळा सुरू असताना अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा एक डोस दिल्याने मातेचा जंतुसंसर्ग टळतो का, हे पाहण्यासाठी सात देशांत २९ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला आणि त्यात बेळगावच्या बायका होत्या. २०२३ साली निष्कर्ष आला: मातेला गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू येण्याचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरले, बाळांच्या बाबतीत मात्र फरक पडला नाही. त्या अभ्यासातली बाळे आता अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात आहेत, त्यांच्या आया त्याच गावांत राहतात आणि त्यांचे पत्ते नोंदवहीत आहेत. वरचे एक वाक्य मराठीत आणि कानडीत लिहून त्या प्रत्येकीच्या हातात द्यावे, आणि त्या डोसाविषयी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काय ठरले आहे तेही त्याच कागदावर असावे, अशी मागणी मी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी करणार आहे. ज्यांना हे पटते त्यांनी आपल्या गावच्या ग्रामसभेत हाच विषय मांडावा.